बेन, जॉन पीटर (टोटलबिस्किट)

बेन, जॉन पीटर : (८ जुलै १९८४ – २४ मे २०१८). व्हिडिओ गेमचे इंग्रज समालोचक व समीक्षक. यूट्यूबवर ‘टोटलबिस्किट’ या नावाने आणि ‘द सिनिकल ब्रिट’ या बिरुदाने प्रसिद्ध. संगणकावर खेळल्या जाणाऱ्या गेमची पारख त्यांनी विकत घेणाऱ्याच्या बाजूने केली. पैसे मोजण्यापूर्वी गिऱ्हाइकाला काय माहीत असायला हवे, हा त्यांच्या बहुतेक कामामागचा प्रश्न होता. मृत्यूसमयी त्यांच्या वाहिनीचे सदस्य २० लाखांहून अधिक होते.

जन्म इंग्लंडमध्ये. लेस्टर येथील डी माँटफर्ट विद्यापीठात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. वकिली केली नाही. पण करारातील कलमे वाचण्याची आणि युक्तिवाद पायरीपायरीने मांडण्याची सवय त्यांच्या पुढच्या कामात जागोजागी दिसते. २००५ च्या सुमारास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या गेमच्या खेळाडूंसाठी त्यांनी डब्ल्यूसीरेडिओ हे इंटरनेट नभोवाणी केंद्र सुरू केले. गेम बनवणाऱ्या ब्लिझर्ड कंपनीची अधिकृत निवेदने आणि खेळाडूंच्या तक्रारी यांचा समाचार घेणारा ‘ब्लू प्लीज’ हा त्यांचा कार्यक्रम तेथेच लोकप्रिय झाला. २०१० मध्ये याच गेमच्या ‘कॅटॅक्लिझम’ या विस्ताराची चाचणी आवृत्ती निघाली. बेन यांनी तिचे समालोचनासह व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली आणि श्रोत्यांचा प्रेक्षकवर्ग झाला.

कारकिर्दीचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. यूट्यूबला प्रमाण मानणारे २०१० हे वर्ष धरतात. त्यांच्या मते बेन हे ‘लेट्स प्ले’ परंपरेचे वारसदार. खेळता खेळता बोलत राहण्याची ही रीत २००५–०७ च्या दरम्यान आधी छायाचित्रांच्या आणि मग ध्वनिचित्रफितींच्या रूपाने आकाराला आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दुसरे मत त्यांची मुळे नभोवाणीत शोधते. बेन यांचे व्हिडिओ लक्ष देऊन पाहिले, तर हे दुसरे मत अधिक पटते. लेट्स प्लेमध्ये खेळाडूची गंमत, दचकणे, हसणे हे मुख्य असते आणि गेम शेवटपर्यंत खेळला जातो. बेन बहुतेक वेळा चेहरा दाखवत नसत, लिहून आणलेला मजकूर वाचत नसत आणि गेम पूर्ण करण्याच्या फंदात पडत नसत. पडद्यावर जे घडते ते केवळ पुरावा. कार्यक्रम खरा आवाजाचा. अर्धा-अर्धा तास न अडखळता, मुद्द्यावरून मुद्द्यावर जात बोलणे ही निवेदकाची कमाई आहे. त्यामुळे २००५ पासूनचा काळ त्यांच्या कारकिर्दीत धरणेच योग्य ठरते.

त्यांची मुख्य मालिका ‘डब्ल्यूटीएफ इज...’. तिचा प्रारंभ २०१०–११ च्या सुमारास झाला. नव्याने बाजारात आलेला गेम प्रथमदर्शनी कसा वाटतो, हे सांगणे एवढाच तिचा हेतू होता. गुण किंवा तारे देण्याची नियतकालिकांची पद्धत त्यांनी स्वीकारली नाही. हे परीक्षण नव्हे, पहिल्या काही तासांचे मत आहे, असे ते वारंवार बजावत. मोठ्या कंपन्यांच्या गेमइतकेच लक्ष त्यांनी दोन-चार माणसांनी मिळून बनवलेल्या लहान गेमना दिले.

या मालिकेचे वेगळेपण तिच्या पहिल्या काही मिनिटांत आहे. गेम सुरू होताच बेन खेळायला लागत नसत. आधी सेटिंग्जचा मेनू उघडत. रिझोल्यूशन किती निवडता येते, कडांचा दातेरीपणा घालवण्याची सोय आहे का, व्ही-सिंक (चित्रांचा दर पडद्याच्या दराशी जुळवणारी सोय) बंद करता येतो का, संगीत आणि संवाद यांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त होतो का, कळफलकावरच्या कळी आपल्या सोयीने बदलता येतात का, हे ते एकेक ओळ वाचून दाखवत. माउसच्या हालचालीत कृत्रिम गती मिसळलेली असेल, तर तेही लगेच सांगत. गेमच्या परीक्षणात तोवर ज्या पानाकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नसे, ते त्यांनी परीक्षणाच्या दारातच आणून ठेवले. ज्याच्याकडे जुना संगणक आहे किंवा जो डावखुरा आहे, त्याच्या दृष्टीने गेम खेळता येईल की नाही हे याच पानावर ठरते.

यांतील दोन बाबींवर त्यांनी विशेष भर दिला. पहिली दृश्यकोनाची, म्हणजे गेममधील दृश्याचा किती रुंद भाग पडद्यावर एका वेळी दिसतो याची. घरातील दूरचित्रवाणी संच आठ-दहा फुटांवरून पाहिला जातो, म्हणून कन्सोलवरील (दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या गेमयंत्रावरील) गेममध्ये दृश्यकोन अरुंद ठेवला तरी खपून जातो. संगणकाचा पडदा हातभर अंतरावर असतो. तोच अरुंद कोन तेथे ठेवला, तर नळीतून पाहिल्यासारखे वाटते आणि पुष्कळांना मळमळ व डोकेदुखी होते. स्वतः बेन यांनाही हा त्रास होत असे. कोन कमी-अधिक करणारी सरकपट्टी मेनूत असावी, हा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत धरला.

दुसरी बाब फ्रेमदराची. सेकंदाला ३० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एक चित्र सुमारे ३३.३ मिलिसेकंद टिकते, ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये सुमारे १६.७. फरक केवळ डोळ्यांना जाणवणाऱ्या सफाईचा नाही. खेळाडूने माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळही त्यामुळे घटतो. म्हणूनच ‘३० चित्रांमुळे गेम सिनेमासारखा दिसतो’ हा निर्मात्यांचा बचाव त्यांना मान्य नव्हता. ऑक्टोबर २०१४ मध्ये युबिसॉफ्ट कंपनीच्या काही निर्मात्यांनी या धर्तीची विधाने केल्यावर हा वाद चांगलाच पेटला. सिनेमा पाहणाऱ्याला काही करायचे नसते, गेम खेळणाऱ्याला दर क्षणी करायचे असते, या साध्या भेदावर बेन यांची बाजू उभी होती आणि ती भक्कम होती. अडचण अशी, की तोपर्यंत यूट्यूबच सेकंदाला ३० पेक्षा जास्त चित्रे दाखवत नव्हते. ज्या दोषाबद्दल ते बोलत होते, तो प्रेक्षकाला दाखवण्याची सोयच नव्हती. २०१४ च्या ऑक्टोबरअखेर यूट्यूबने ६० चित्रांची सोय दिली. २०१५ मध्ये बेन यांनी स्टीम या विक्रीमंचावर ‘द फ्रेमरेट पोलीस’ हा निवडसूची-गट काढला. ३० चित्रांवर जखडलेल्या गेमची त्यात नोंद होई आणि खरेदीच्या पानावरच गिऱ्हाइकाला तशी सूचना दिसे. त्याच वर्षी जूनमध्ये ‘बॅटमॅन : आर्कहॅम नाइट’ची संगणकावरील आवृत्ती ३० चित्रांची मर्यादा आणि इतर गंभीर दोष यांमुळे वॉर्नर ब्रदर्सला विक्रीतून मागे घ्यावी लागली.

दृश्यकोनाची सरकपट्टी आणि खुला फ्रेमदर आज संगणकावरील बहुतेक मोठ्या गेममध्ये आढळतात. याचे श्रेय एकट्या बेन यांना देण्याकडे त्यांच्या चाहत्यांचा कल असतो. तंत्रज्ञानाची वाढ, स्पर्धात्मक खेळाडूंचा रेटा आणि स्टीमने २०१५ मध्ये सुरू केलेली पैसे परत देण्याची सोय ही कारणेही तितकीच मोलाची आहेत. सर्वसामान्य गिऱ्हाइकाला या मागण्यांची भाषा मात्र बेन यांनी पुरवली, असे म्हणता येते.

स्वामित्वहक्काचे वाद : अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यानुसार हक्कधारकाची नोटीस आल्यावर यूट्यूबसारख्या मंचाने मजकूर तत्परतेने उतरवला, तर मंचावर दायित्व येत नाही. दावा खरा की खोटा याची शहानिशा मंचाने करावी, अशी अपेक्षा कायद्यात नाही. मजकूर टाकणाऱ्याला प्रतिनोटीस देता येते. त्यानंतर १० ते १४ कामकाजी दिवसांत दावेदाराने न्यायालयात धाव घेतली नाही, तर मजकूर पुन्हा चढवता येतो. दरम्यानच्या काळात नव्या गेमची बातमी शिळी झालेली असते. शिवाय यूट्यूबच्या नियमांप्रमाणे असे तीन ठपके आले, की अख्खी वाहिनी बंद होऊ शकते. टीकाकाराचे तोंड बंद करण्यासाठी ही तरतूद वापरली जाऊ शकते, हा धोका बेन यांनी फार आधी ओळखला. २०१२ च्या अखेरीस सेगा कंपनीने ‘शायनिंग फोर्स’ या जुन्या मालिकेसंबंधीच्या अनेकांच्या व्हिडिओंवर ठपके लावले, तेव्हा त्यांनी सेगाच्या गेमवर बहिष्कार टाकला.

ऑक्टोबर २०१३ मध्ये प्रकरण त्यांच्यावरच आले. ‘डे वन : गॅरीज इन्सिडेंट’ या गेमवर त्यांनी कडक टीका केली होती. वाइल्ड गेम्स स्टुडिओ या कॅनडातील कंपनीने नोटीस देऊन तो व्हिडिओ उतरवायला लावला. आपल्या गेमच्या चित्रीकरणावर जाहिरातींचे पैसे कमावण्याची परवानगी दिलेली नव्हती, असा कंपनीचा पवित्रा होता. बेन यांनी स्वतंत्र व्हिडिओ करून सारा घटनाक्रम मांडला आणि गेमची प्रत याच कंपनीने आपल्याला पाठवली होती, हे दाखवून दिले. खेळाडूंचा संताप उसळल्यावर कंपनीने काही दिवसांतच दावा मागे घेतला. मामला न्यायालयात गेला नसल्याने त्यातून कायद्याचा दंडक निघाला नाही. टीकेसाठी केलेला वापर अमेरिकेत ‘फेअर यूज’ (परवानगीविना रास्त वापर) या तत्त्वाखाली येऊ शकतो. भारतातही कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये टीका व परीक्षण यांसाठी सवलत आहे. दुसऱ्याच्या व्हिडिओवर टीकात्मक भाष्य करणाऱ्या यूट्यूबकारांच्या बाजूने न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २०१७ मध्ये निकाल दिला. तो खटला वेगळा, परंतु प्रश्न त्याच जातकुळीचा होता.

छुप्या जाहिरातीविरुद्धची त्यांची भूमिका याहून कमी महत्त्वाची नाही. सप्टेंबर २०१४ अखेर ‘मिडल-अर्थ : शॅडो ऑफ मॉर्डॉर’ बाजारात आला. त्याची आगाऊ प्रत काही यूट्यूबकारांना प्रसिद्धीच्या करारावर सही केल्यावरच मिळत होती. गेमविषयी चांगलेच बोलायचे आणि त्यातील तांत्रिक दोष दाखवायचे नाहीत, अशा त्याच्या अटी असल्याचे बेन यांनी जाहीर केले. २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या गेमची प्रकाशक वॉर्नर ब्रदर्स हिच्यावर याच मोहिमेबद्दल कारवाई करून तडजोडीने बंधने घातली. पैसे घेऊन केलेला प्रत्येक व्हिडिओ तसा आहे हे प्रेक्षकाला ठळकपणे कळले पाहिजे, हा दंडक बेन स्वतःही पाळत. भारतात समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी असे नियम मुंबईस्थित ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडियाने २०२१ मध्ये घालून दिले.

जेसी कॉक्स आणि डॉजर या यूट्यूबकारांसोबतचा ‘को-ऑप्शनल पॉडकास्ट’ हा त्यांचा साप्ताहिक गप्पांचा कार्यक्रम. ‘स्टारक्राफ्ट २’ या गेमचे ते जाणकार समालोचक होते; त्यांनी ‘शाउटक्राफ्ट’ नावाच्या स्पर्धा भरवल्या आणि पत्नी जेना बेन यांच्यासह ॲक्सिअम हा व्यावसायिक संघ उभा केला (२०१२). हा संघ २०१५ मध्ये बंद झाला. २०१४ च्या ‘द गेम अवॉर्ड्स’ सोहळ्यात त्यांना ‘ट्रेंडिंग गेमर’ हा पुरस्कार मिळाला.

त्याच वर्षी उद्भवलेल्या ‘गेमरगेट’ वादात, गेम-पत्रकारितेच्या नीतिमत्तेवरील चर्चेला त्यांनी पाठिंबा दिला. या चर्चेच्या आडून स्त्रियांचा छळ झाला आणि बेन यांनी आपल्या प्रभावाचा उपयोग तो रोखण्यासाठी पुरेसा केला नाही, असा आक्षेप त्यांच्या टीकाकारांनी घेतला. आक्षेपात तथ्य आहे. त्यांचा स्वभाव तापट होता आणि प्रतिक्रियांना ते तिखट उत्तरे देत. त्यांनी वाहिनीवरील प्रतिक्रियांची सोयच बंद केली.

२०१४ मध्ये त्यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले. उपचारांनी काही काळ आराम पडला, पण ऑक्टोबर २०१५ मध्ये रोग यकृतात पसरल्याचे आणि शस्त्रक्रिया शक्य नसल्याचे त्यांनी जाहीर केले. लाजेपोटी किंवा भीतीपोटी लक्षणे अंगावर काढू नका, वेळीच तपासणी करून घ्या, असे ते आपल्या तरुण प्रेक्षकांना कळकळीने सांगत राहिले. रसायनोपचार घेत असतानाही, अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील घरातून, त्यांचे व्हिडिओ येत होते. आवाज थकलेला असला तरी सेटिंग्जचा मेनू चुकला नाही. यकृत निकामी होऊ लागल्याने २०१८ च्या एप्रिल–मेच्या सुमारास त्यांनी निवृत्ती जाहीर केली आणि २४ मे रोजी, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पॉडकास्ट त्यानंतरही काही काळ जेना बेन आणि सहकारी यांनी चालू ठेवला.