शीव आलं का?

मध्य रेल्वेच्या स्लो लोकलने कुर्ला सोडलं की एखादा नवखा विचारतो, "शीव आलं का?" रोजच्या ग्रुपमधले एक काका लगेच म्हणतात, "सुई-दोरा दे, शिवतो!" "काय काका, पाणचट!" असं म्हणत सगळे कपाळाला हात लावतात. आणि हसतात.

पाणचट म्हणजे पाणी जास्त झालेल्या वरणासारखं, बेचव. उथळ तर उघडच पाण्याचा शब्द. आणि थिल्लर? जुन्या मराठीत थिल्लर म्हणजे डबकं! हलक्या विनोदासाठी आपल्या भाषेने पुन्हा पुन्हा पाण्याकडेच जावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. पाणचट असतो तो विनोद, आणि तसं लाडानेही म्हणता येतं. थिल्लर असतं ते वागणं. गांभीर्याच्या जागी केलेली थट्टा म्हणजे थिल्लरपणा. "थिल्लरपणा बंद कर" असं कुणी लाडाने म्हणत नाही.

मग पाणचट कोटीला हसू का येतं? रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञाने लोकांच्या गप्पांमधले सुमारे १,२०० हशे टिपले. विनोद म्हणावं अशा वाक्यानंतर आलेले हशे २० टक्केही नव्हते. बाकीचे अगदी साध्या बोलण्यावरचे. शिवाय ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाराच जास्त हसत होता. म्हणजे डब्यातलं ते हसू कोटीपेक्षा काकांच्या सोबतीचं.

थिल्लरपणाचं कोडं पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन या संशोधकांनी २०१० मध्ये मांडलेल्या विचाराने उलगडतं. काहीतरी मोडलंय असं वाटावं आणि त्याच क्षणी त्यात अपाय नाही हेही जाणवावं, तेव्हा गंमत वाटते. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेटाच्या वेशीवरचं म्हणून हे नाव. कोटीत मोडतो तो एवढा अर्थच, कुणाला लागत काही नाही. मात्र विचारणारी बाई शीवच्या रुग्णालयात निघालेली असली, तर तेच वाक्य अपाय करतं. शब्द एकही न बदलता पाणचट कोटी थिल्लर होते.

एकदा तसंच झालं. मांडीवर एक्स-रेचं पाकीट घेऊन बसलेल्या बाईंनी विचारलं, "शीव आलं का?" सगळ्यांच्या नजरा काकांकडे वळल्या. काका उठले. "पुढचंच आहे, ताई. चला, दारापर्यंत वाट करून देतो."