नाक वर जातंय: ट्रिम चुकलाय की शेपूट जड आहे?

हरभरा निघालेल्या वावरात रिमोटचं नवं विमान हातातून सुटतं आणि धुऱ्यावरची पोट्टी ओरडतात, "भाऊ, नाक वर करून रायलं ना थे!" ते खरंच असतं. मग रिमोटवाला घाईघाईत एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या हलत्या पट्टीच्या, ट्रिमचं बटण खाली दाबत सुटतो. कधी विमान सरळ होतं, कधी आणखीच पिसाळतं. नाक वर जाण्याची दोन वेगळी कारणं असतात आणि बटणानं त्यातलं एकच सुटतं.

रिमोटची स्टिक मोकळी असताना एलिव्हेटरची पट्टी नेमकी कुठे थांबावी, हे ट्रिम ठरवतो. सनबोर्डचा (हलक्या फोमच्या पाटीचा) मागचा आडवा पंख चिकटवताना जरा तिरका बसला, सर्व्होचा, म्हणजे पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरचा, हात एक दात पुढे लागला किंवा त्याला पट्टीशी जोडणारी सायकलच्या स्पोकची सळई थोडी लांब झाली, की पट्टी कायम किंचित वर राहते. विमान चढतं, चढता चढता वेग गमावतं, नाक खाली येतं, वेग आला की पुन्हा चढतं. या लाटा बऱ्याचशा एकसारख्या असतात. स्टिक थोडी पुढे रेटून धरली की ते निमूट सरळ जातं. ट्रिम म्हणजे तोच रेटा, फक्त बोटाऐवजी बटणानं दिलेला.

शेपूट जड असलेलं विमान मागे माल जास्त झालेल्या बंडीसारखं उलाळ होतं, पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. झुळूक नाकाखाली लागली की पंखांचा हवेशी कोन वाढतो आणि उचल वाढते. तोलाचा बिंदू, म्हणजे जिथे बोटावर धरलं तर विमान आडवं तोललेलं राहतं ती जागा, पुरेसा पुढे असेल तर ही वाढीव उचल त्याच्या मागे लागते आणि नाक परत खाली आणते. बिंदू फार मागे सरकला असेल तर तीच उचल त्याच्या पुढे लागते आणि वर गेलेलं नाक आणखी वर ढकलते. खाली जातानाही तेच. स्टिक पुढे दिली तर विमान बुडी मारतं, मागे घेतली तर उभं होतं आणि एका पंखावर कोसळतं. अशा विमानासाठी ट्रिमची कोणतीच जागा बरोबर नसते.

म्हणून विमान खाली आल्यावर, ज्या कुठल्या अवस्थेत आलं असेल, आधी आपल्या अंगठ्याचा हिशेब घ्यावा. स्टिक सतत एकाच बाजूला रेटावी लागली असेल तर ट्रिम पाहा. दोन्ही बाजूंना सारखं सावरावं लागलं असेल तर ट्रिमला हातही लावू नका, तोल पाहा.

खरं तर तोल घरीच पाहायचा असतो, आणि बॅटरी बसवूनच. साध्या, वर पंख असलेल्या ट्रेनरचा (शिकायच्या विमानाचा) तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून पुढून-मागच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर हवा. पंख २० सेंटिमीटर रुंद असेल तर ५ ते साडेसहा सेंटिमीटर. पहिल्या उड्डाणाला मी ५ च्याच बाजूला राहीन. दोन्ही पंखांखाली त्या खुणेवर एकेक बोट धरून विमान उचला. नाक किंचित झुकलेलं उत्तम. नाक जड असलेलं विमान सुस्त उडतं, उतरताना वेगात येतं, पण हाताशी राहतं.

मागच्या ग्रॅमची किंमत फार असते. तोलाच्या बिंदूपासून ५० सेंटिमीटर मागे ९ ग्रॅमचा एक सर्व्हो लावला, तर तो भरून काढायला १८० ग्रॅमची बॅटरी अडीच सेंटिमीटर पुढे न्यावी लागते. शेपटीवर ओतलेला हॉट ग्लू आणि वेटोळेच्या वेटोळे लावलेला पॅकिंग टेप वेगळाच. आधी बॅटरी सरकवा, मग सर्व्हो पुढे आणून लांब सळई वापरा. नाकात नाणी चिकटवणं अगदी शेवटी, कारण ते नुसतंच मेलेलं वजन.

ट्रिम तोलाचा दोष झाकूही शकतो. नाक फार जड असेल आणि ट्रिम वर देऊन विमान सरळ केलं असेल, तर ते एकाच वेगाला सरळ उडतं, कारण पट्टीचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तपासायला भरपूर उंची घ्या, थ्रॉटल (मोटरचा जोर) बंद करा, नाक खाली घालून स्टिक सोडा. झटक्यात वर आलं तर नाक जड. हळूच सावरलं तर ठीक. बुडी आणखी खोल गेली तर शेपूट जड. लगेच स्टिक मागे घ्या. फक्त थ्रॉटल दिल्यावरच नाक उचलत असेल आणि बंद केल्यावर बसत असेल, तर मोटरचा कोन आधी पाहा. तिचं तोंड दोन-तीन अंश खाली हवं.

एप्रिलच्या दुपारी मात्र यातली कुठलीच परीक्षा घेऊ नये. तापलेल्या काळ्या मातीवरून उठणारी हवा चांगल्या विमानालाही वेडंवाकडं नाचवते. सकाळी, वारा उठायच्या आत जा. आणि विमान बंद गाडीत उन्हात ठेवू नका: हॉट ग्लू मऊ पडतो, शेपटीचा कोन सरकतो, आणि काल बसवलेला ट्रिम आज चुकीचा निघतो. तोल तेवढा तिथेच असतो, जोवर बॅटरी त्याच जागी आहे. त्यासाठी तिची जागा मार्करनं आखून ठेवा, आणि वेगळ्या वजनाची बॅटरी आणली की नवी खूण करा.