हट्टी म्हणण्याआधी: डॅशहाऊंडच्या स्वभावामागची तीनशे वर्षं

जुळे सोलापूर असो की होटगी रोडच्या सोसायट्या, डॅशहाऊंड जातीचा कुत्रा पाळणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक सारख्याच असतात. दाराची बेल वाजली की घर डोक्यावर घेतो. कुंडीतली माती उकरतो. हाक मारली की मान वळवून बघतो, पण जागचा हलत नाही. पांघरुणात शिरून बसतो आणि कुणी आत हात घातला की गुरगुरतो. एवढ्याशा जिवात एवढा हट्ट आला कुठून? तो जर्मनीच्या जंगलातून आला, आणि हे माहीत नसेल तर या कुत्र्यावर फार अन्याय होतो.

बॅजर हा युरोपातला बिळात राहणारा, रात्री बाहेर पडणारा प्राणी. वजन दहा-बारा किलो, नख्या लांब, जबडा जबरदस्त. त्याला बिळातच गाठायचं तर आत मावेल असं कुत्रं हवं. सतराव्या-अठराव्या शतकात जर्मनीतल्या वनरक्षकांनी आणि शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करत तसं कुत्रं घडवलं. पाय आखूड, धड लांब, छाती खोल, पुढचे पंजे रुंद. या कुत्र्याला अंधाऱ्या बोगद्यात एकट्यानं शिरून बॅजरला कोपऱ्यात अडवायचं असे आणि सतत भुंकत राहायचं असे. वर उभे असलेले शिकारी त्या आवाजावरून जागा ओळखत आणि तिथं खणत.

आता वरच्या तक्रारी पुन्हा वाचा. जमिनीखालून वरपर्यंत पोहोचेल असं भुंकणं हे त्याचं काम होतं. उकरणंही कामच. बिळात मालकाचा हात दिसत नाही, हुकूम ऐकू येत नाही. तिथं जे ठरवायचं ते कुत्र्यानंच, आणि दात विचकून समोर आलेल्या जनावरापुढे मागे न हटता. विचारून विचारून पाऊल टाकणारं कुत्रं तिथून जिवंत परत आलं नसतं. आपल्या माळरानांवर धनगरांनी सांभाळलेला कारवानी कुत्रा उघड्यावर, नजरेनं शिकार हेरून धावतो, धन्याच्या डोळ्यांसमोर. डॅशहाऊंडचं सगळं काम धन्याच्या नजरेआड चाले. दोघांच्या स्वभावातलं अंतर तिथून सुरू होतं.

या कामाला पुढे प्रतिष्ठा मिळाली. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियानं डॅशहाऊंड पाळले आणि राजवाड्यातली आवड श्रीमंतांच्या दिवाणखान्यात आली. 1879 साली जर्मनीत या जातीचं पहिलं प्रमाण, म्हणजे कुत्रं कसं असावं याचं अधिकृत वर्णन, लिहिलं गेलं, 1881 मध्ये इंग्लंडात आणि 1888 मध्ये जर्मनीत तिचे स्वतंत्र क्लब निघाले. गुळगुळीत, लांब आणि राठ अशा तीन प्रकारच्या केसांचे डॅशहाऊंड वेगळे ओळखले जाऊ लागले. सशांच्या अरुंद बिळांसाठी आणखी छोटा आकारही काढला गेला. पहिल्या महायुद्धात मात्र जर्मन असण्याची किंमत या मुक्या जनावरानं मोजली. ब्रिटन-अमेरिकेत व्यंगचित्रांमधून जर्मनीची खिल्ली उडवायला तेच वापरलं गेलं आणि त्याची लोकप्रियता ढासळली. 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ‘वाल्डी’ नावाचा रंगीत पट्ट्यांचा डॅशहाऊंड शुभंकर झाला. उन्हाळी ऑलिंपिकचा तो पहिला अधिकृत शुभंकर, आणि त्या वर्षीच्या मॅरेथॉनचा मार्गही त्याच्याच आकारात आखला होता.

दिवाणखान्यात आल्यावर काम सुटलं, पण स्वभाव आणि शरीर तेच राहिलं. माझ्या मते खरी अडचण इथं आहे. 2008 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हजारो मालकांकडून आपापल्या कुत्र्यांच्या वागण्याची माहिती घेतली. त्यात अनोळखी माणसांवर, दुसऱ्या कुत्र्यांवर आणि घरच्यांवरही चिडण्यात डॅशहाऊंड वरच्या क्रमांकात आला. यावरून त्याला दुष्ट ठरवू नये. तो घाबरला किंवा त्याची जागा कुणी घेतली की तो माघार घेत नाही, एवढंच. त्यामुळे झोपलेल्या डॅशहाऊंडला मुलांनी ओढू नये, आणि पिल्लू लहान असतानाच त्याला पाहुणे, रिक्षाचा आवाज, गड्डा यात्रेच्या दिवसांतली गर्दी यांची हळूहळू, लांबून ओळख करून द्यावी. मारून तो शिकत नाही. शब्द एकच ठेवा, सराव थोडा वेळ घ्या आणि बक्षिसाला उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्या, मग बघा किती लवकर उमगतं त्याला! त्याच्या नाकाला रोज काहीतरी काम हवं. खाऊ जुन्या टॉवेलात गुंडाळून घरात लपवून ठेवला तरी तो शोधण्यात तो रमतो, आणि सोलापुरात जुन्या टॉवेलांना काही तोटा नाही.

शरीराची गोष्ट जास्त गंभीर आहे. आखूड पायांमागचा जनुकीय बदल 2009 मध्ये संशोधकांनी शोधला. एफजीएफ4 या जनुकाची एक जादा प्रत त्यामागे आहे. 2017 मध्ये त्याच जनुकाची आणखी एक प्रत सापडली, आणि तिचा संबंध मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक होण्याशी लागला. अशी चकती फुटून मज्जारज्जूवर दाबली गेली की मागचे पाय लुळे पडू शकतात. पाचातल्या एका डॅशहाऊंडला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, बहुतेकदा तीन ते सात वर्षांच्या वयात. ज्या घडणीनं त्याला बिळात शिरता आलं, तिच्यातच हे दुखणंही आहे.

म्हणून जपायची ती पाठ. स्कूटरच्या फूटबोर्डवर कुत्रं उभं करून फिरवायची आपल्याकडे सर्रास सवय आहे. गाडी थांबली की ते टुणकन खाली उडी मारतं, आणि डॅशहाऊंडसाठी ती उडी घातक ठरू शकते. सोफा-पलंगालाही हेच लागू. बाजूला उतरती फळी लावा. जुन्या पेठांतल्या वाड्यांचे उभे जिने त्याला चढू देऊ नका, उचलून न्या, पण एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली देऊनच. शहाबादी फरशीवर पाय टिकतात, चकचकीत टाइल्सवर घसरतात. तिथं रबरी चटई बरी, नुसती चादर टाकली तर तीही सरकते. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा. आणि वजन! बरगड्या हाताला सहज लागायला हव्यात. ताटातली भाकरी-बिस्किटं देऊन आपण प्रेमानं त्याची पाठ मोडत असतो. शेंगाचटणी तर अजिबात नको, तिच्यातला लसूण कुत्र्यांना विषारी आहे. कांदा, द्राक्षं, चॉकलेटही वर्ज्य.

पाठ कमानीसारखी होणं, उचलताना विव्हळणं, मागचा पाय घसटणं यांतलं काही दिसलं तर तेल लावून चोळत बसू नका आणि घरातली वेदनाशामक गोळी देऊ नका. पिंजऱ्यात हालचाल बंद करून त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. पायांतली संवेदना गेली असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय तासांत घ्यावा लागतो, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईकडे निघायची वेळ येऊ शकते.

सोलापूरचा उन्हाळा हा वेगळा विषय. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि या कुत्र्याचं पोट डांबरापासून जेमतेम काही इंचांवर असतं. सूर्य उगवायच्या आत आणि रस्ता थंड झाल्यावरच त्याला फिरवा. घुशीच्या बिळात तोंड घालायची त्याची ओढ जुनी आहे, तेव्हा रेबीजबरोबर उंदीर-घुशींच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लसही टोचून घ्यावी. माळावर मोकळं सोडू नका, बिळात नागही असतो. गोचीड रोज तपासा, कानांच्या घडीत आधी.

पिल्लू घ्यायचं असेल तर आई-वडील बघितल्याशिवाय घेऊ नका. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार छाती आणि जमीन यांच्यातलं अंतर खांद्याच्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश असावं लागतं. पोट जमिनीला टेकतंय असं कुत्रं शोभेचं म्हणून विकलं जातं, त्याला नकार द्या. दोन ठिपकेदार, म्हणजे डॅपल, डॅशहाऊंडांच्या जोडीतून बहिरी किंवा आंधळी पिल्लं होऊ शकतात, तेव्हा तशा जोडीचं पिल्लूही नको. भारतात 2017 च्या नियमांनुसार प्रजनन करणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा कागद मागा. बारा ते सोळा वर्षं हे जनावर तुमच्या घरात राहणार आहे.