लाइन बंद आहे, पण अर्थिंग केलं का?

दुरुस्तीसाठी शटडाउन, म्हणजे विजेची लाइन बंद ठेवायची परवानगी, मिळाला, स्विच उघडला, त्याच्या पात्यांमधली फट खालूनही स्पष्ट दिसते आहे. आता खांबावर चढून तारेला हात लावायला काय हरकत आहे, असं कुणालाही वाटेल. पण पुरवठा तोडलेली तार आणि निर्धोक तार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शेजारून दुसरी चालू लाइन जात असेल, तर तिच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रामुळे बंद तारेवरही दाब (व्होल्टेज) तयार होतो. अतिउच्च दाबाच्या लाइनींजवळ तो हजारो व्होल्टपर्यंत जातो. भूमिगत केबल बंद केल्यावरही कपॅसिटरसारखी विद्युतभार साठवून धरून बसते. आणि सगळ्यांत दगाबाज असतो तो उलटा पुरवठा. वीज गेली म्हणून कुणीतरी जनरेटर सुरू करतं आणि मेन स्विच पाडायचं राहून जातं. रोहित्राला (ट्रान्सफॉर्मरला) दिशा कळत नाही. ११ हजार व्होल्टचे २३० करणारं तेच रोहित्र, जनरेटरचे २३० व्होल्ट उलटे चढवून १० हजारांच्या घरात नेतं.

म्हणून आधी तपासणी. तीही तीनदा: तारेवर दाब आहे का ते दाखवणारा डिटेक्टर चालू तारेवर लावून बघायचा, मग कामाच्या तारेवर, मग पुन्हा चालू तारेवर. तिसरी वेळ कशाला? मधल्या मिनिटभरात डिटेक्टरच बिघडला असेल, तर त्याच्या ‘दाब नाही’ला काही अर्थ उरत नाही.

त्यानंतर अर्थिंग, म्हणजे तार जमिनीशी जोडणं. इथे एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. ‘करंट सोप्या वाटेने जातो, म्हणून तार जमिनीला जोडली की झालं,’ असं सर्रास म्हटलं जातं. प्रत्यक्षात करंट मिळेल त्या प्रत्येक वाटेने जातो. कमी रोधाच्या (रेझिस्टन्सच्या) वाटेने जास्त, जास्त रोधाच्या वाटेने कमी. आणि माणसाला मारायला ‘कमी’ही पुरतं. चार्ल्स डॅल्झील या अमेरिकी अभियंत्याने स्वयंसेवकांवर प्रयोग करून दाखवलं, की सरासरी १६ मिलिअँपिअरच्या पुढे पुरुषांना हातातली तार सोडता येत नाही. स्त्रियांची मर्यादा आणखी कमी, साडेदहाच्या आसपास. ५० ते १०० मिलिअँपिअर सेकंदभर छातीतून गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते.

आता हिशेब करून बघू. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) एका तारेला अर्थिंग जोडलं, पण खांबापासून दूर ठोकलेल्या सळईला. सळईचा जमिनीशी रोध २५ ओहम. कुणी चुकून लाइन चार्ज केली, म्हणजे तिचा पुरवठा सुरू केला, तर तार आणि जमीन यांच्यातले ६३५० व्होल्ट जवळजवळ सगळे त्या सळईच्या रोधावर पडतात. म्हणजे अर्थिंग लावलेलं असूनही तारेवरचा दाब फारसा उतरत नाही. वर माणसाचा एक हात तारेवर, दुसरा खांबाच्या लोखंडावर. शरीराचा रोध १००० ओहम धरला आणि खांब ओल्या जमिनीत चांगला रोवलेला असला, तर त्याच्या अंगातून सहा अँपिअरच्या आसपास करंट जाईल.

हेच अर्थिंग नीट लावून पाहा. तिन्ही तारा जाड तांब्याच्या केबलने एकमेकींशी जोडायच्या आणि ती केबल त्याच खांबावर, माणसाच्या पायांखाली बसवलेल्या धातूच्या पट्टीला न्यायची. आता लाइन चार्ज झाली तर सरळ शॉर्टसर्किट होऊन ब्रेकर लगेच पडतो. तोवर केबलमधून ५००० अँपिअर गेले आणि क्लॅम्पसकट तिचा रोध एक मिलिओहम असला, तर हात आणि पाय यांच्यात फक्त ५ व्होल्टचा फरक. अंगातून ५ मिलिअँपिअर. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही ते याच न्यायाने: तिचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. चांगलं अर्थिंग माणसाभोवती तशीच समान दाबाची जागा तयार करतं.

म्हणूनच क्लॅम्प बसवण्याआधी तारेवर वायर ब्रश मारण्याला इतकं महत्त्व आहे. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो. त्यामुळे सांध्याचा रोध एकावरून २० मिलिओहम झाला, की त्या ५ व्होल्टचे १०० होतात आणि अंगातून १०० मिलिअँपिअर जातो. दोन मिनिटांच्या घासण्याला एका जिवाचं मोल आहे. उरलेल्या केबलचं वेटोळंही करून ठेवू नये. हजारो अँपिअर वाहिले की चुंबकीय बलाने ते चाबकासारखं उसळतं.

क्रमही पक्का असतो. आधी अर्थकडचा क्लॅम्प, मग इन्सुलेटेड काठीने तारेकडचा. काढताना उलट. आधी तारेला जोडलं, तर मोकळं टोक हातात असतानाच तारेवरचा दाब त्या टोकावर आलेला असतो.

जमिनीवरच्या सहकाऱ्याला मात्र या समान दाबाचं संरक्षण नसतं. खांबापाशी जमिनीत करंट उतरला, तर दोन पावलांमधल्या अंतरातही दाबाचा फरक पडतो. त्याने खांबापासून लांब उभं राहावं.

राहिला टॅग. स्विचला हलू देत नाही ते कुलूप. का हलवायचं नाही हे सांगतो तो टॅग. त्यावर नाव, तारीख, वेळ आणि लाइन लिहिलेली असते आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा असतो. एकाच लाइनवर दोन टोळ्या असतील तर स्विचवर दोन टॅग हवेत. पहिल्या टोळीने आपला काढला, तरी दुसरा लटकत असेपर्यंत स्विचला हात लावायचा नाही. पाळी बदलताना ‘झालं असेल काम’ या अंदाजावर टॅग काढणं मला तरी अक्षम्य वाटतं, कारण वर चढलेल्या माणसाला खाली काय चाललंय ते दिसत नसतं.

काम संपल्यावर अर्थिंगचे संच मोजायचे. चढवले तीन, उतरले दोन, तर तिसरा सापडेपर्यंत टॅग जागचा हलत नाही.