पगार आणि पगार: हातात पडणारा आणि घराभोवती असणारा

महिनाअखेरीस ज्याची वाट पाहिली जाते तो मराठी पगार आणि मलेशिया-इंडोनेशियात घराभोवती किंवा मळ्याभोवती घातला जाणारा ‘पगार’ म्हणजे कुंपण, हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखे वाटत असले तरी त्यांचे एकमेकांशी काहीही नाते नाही.

मराठी शब्द पोर्तुगीजांकडून आला. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ हे क्रियापद असून त्याचा अर्थ ‘पैसे चुकते करणे’ असा होतो. आपण त्याचे नाम केले आणि पुढे ‘बिनपगारी’सारखे अस्सल मराठी वळणाचे शब्दही त्यावरून घडवले. या क्रियापदाचे मूळ लॅटिन ‘पाकारे’, म्हणजे शांत करणे, हे आहे, कारण देणे फेडले की घेणेकरी शांत होतो.

मग मलय शब्दही पोर्तुगीजच असेल, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा आणि 1511 मध्ये आजच्या मलेशियातील मलाक्का हे बंदर जिंकले. आपल्याकडे चावी, पाव, बटाटा हे शब्द रुजले, तसे तिकडे खिडकीसाठी ‘जेंदेला’ आणि बुटासाठी ‘सेपातू’ हे शब्द रुजले. कुंपणाचा ‘पगार’ मात्र त्या गलबतांतून उतरलेला नाही. जावी, म्हणजे जावा बेटावरच्या, भाषेत त्याचे रूप ‘पागेर’ असे आहे, आणि मलय ‘दालम’ (आत) या शब्दाचे जावी रूप ‘दालेम’ होते, त्याच नियमित स्वरभेदाने ही दोन रूपे जुळतात. अशी जुळणी उसन्या शब्दात सहसा आढळत नाही. ती एका पूर्वज भाषेकडून, म्हणजे मलय आणि जावी ज्यात मोडतात त्या ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळातून, आलेल्या वारशाची खूण असते. संस्कृत ‘प्राकार’ म्हणजे तटबंदी. तिच्याशी नाते जोडण्याचा मोह मराठी वाचकाला होईल, पण या स्वरभेदापुढे तोही टिकत नाही.

अर्थाच्या बाजूने मात्र एक गंमत आहे. रक्षकच भक्षक झाला की मलय माणूस ‘पगार माकान तानामान’, म्हणजे कुंपणच रोपे खाते, असे म्हणतो. आपली ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण जवळजवळ शब्दश: तीच आहे. ती कोणी कोणाकडून घेतली असे मानण्याचे मला कारण दिसत नाही, कारण कुंपण आणि पीक दोन्हीकडे आहेत.

इंडोनेशियन भाषेने या शब्दाला नवे कामही दिले आहे. हॅशटॅगचे चिन्ह कुंपणासारखे दिसते म्हणून त्याला ‘तांदा पगार’, म्हणजे कुंपणचिन्ह, म्हणतात आणि त्याच दोन शब्दांचा संक्षेप करून हॅशटॅगला ‘तागार’ असे नाव मिळाले आहे.