जुने राउटर, बंद पडलेले अपडेट: हा धोका उभा कसा राहिला?

मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एक इशारा जारी केला. त्यात लिंक्सिस कंपनीच्या ई१२००, ई२५००, डब्ल्यूआरटी३१०एन यांसारख्या घरगुती राउटरची यादी होती. ही सगळी मॉडेल्स कंपनीने केव्हाच वाऱ्यावर सोडलेली. गुन्हेगार त्यांत शिरत होते आणि त्या घरांचे इंटरनेट पत्ते भाड्याने देत होते. त्याच सुमारास एनीप्रॉक्सी आणि ५सॉक्स या दोन सेवा बंद पाडून चौघांवर आरोप ठेवण्यात आले. महिन्याला ९.९५ ते ११० डॉलर मोजले की दुसऱ्याच्या घरातून इंटरनेटवर वावरता येत होतं. आरोपपत्रानुसार या धंद्यातून ४.६ कोटी डॉलरहून अधिक कमाई झाली. राउटरच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता, कारण त्यांचं वाय-फाय नीट चालू होतं.

हे एका दिवसात घडलं नाही. २००२ च्या अखेरीस लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आला आणि प्रचंड खपला. त्याच्या आत लिनक्स ही खुली संगणक प्रणाली चालते हे पुढच्याच वर्षी उघड झालं, कंपनीला सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर) खुला करावा लागला आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठी खुलं सॉफ्टवेअर बनवणारा प्रकल्प उभा राहिला. म्हणजे राउटर हा चोवीस तास इंटरनेटला जोडलेला संगणक आहे, हे तेव्हाच स्पष्ट झालं होतं. विकला मात्र तो पंख्यासारखा गेला: एकदा घ्या, लावा, विसरा.

त्या काळी राउटर अपडेट करायचा म्हणजे काय काय करावं लागे ते आठवून पाहा. खोक्याखालच्या स्टिकरवर मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती शोधायची, कंपनीच्या साइटवरून नेमकी तीच फाइल उतरवायची, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून लॉगिन करायचं, फाइल चढवायची आणि ते पूर्ण होईपर्यंत वीज जाऊ नये अशी आशा करायची. मध्येच वीज गेली तर राउटर कायमचा निकामी होण्याची भीती. हे सगळं सामान्य माणसाने नियमित करावं अशी अपेक्षा ठेवणंच चूक होतं, आणि तरी उद्योगाने ती वर्षानुवर्षं ठेवली.

हल्लेखोरांच्या हे लवकर लक्षात आलं. २००९ मध्ये सायबॉट हा बॉटनेट (हल्लेखोराच्या ताब्यातल्या उपकरणांचं जाळं) राउटर आणि मोडेममध्ये पसरताना सापडला. २०११-१२ मध्ये ब्राझीलमध्ये सुमारे ४५ लाख डीएसएल मोडेमची डीएनएस सेटिंग्ज, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधणारी व्यवस्था, बदलली गेली. अशा वेळी संगणकात व्हायरस नसतो, पत्ता अचूक टाइप केलेला असतो, तरी उघडणारं पान हल्लेखोराचं असतं.

पण खरी मेख कळते ती २०१४ च्या ‘मिसफॉर्च्युन कुकी’ प्रकरणातून. अनेक कंपन्यांच्या राउटरमध्ये रॉमपेजर नावाचा एकच छोटा वेब सर्व्हर बसवलेला असे. आपण लॉगिन करतो ते पान तोच दाखवतो. त्यात एक गंभीर दोष होता. रॉमपेजर बनवणाऱ्या अ‍ॅलेग्रोसॉफ्टने तो २००५ मध्येच दुरुस्त केला होता. तरीही नऊ वर्षांनी चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना इंटरनेटवर किमान १.२ कोटी उपकरणं त्याच दोषासह सापडली. दुरुस्ती झाली होती, पण ती घरांपर्यंत पोचलीच नाही. चिप बनवणारा आपला सॉफ्टवेअर संच देतो, दुसरा कोणी त्यावर राउटर तयार करतो, तिसरा त्यावर आपलं नाव छापतो आणि कधी इंटरनेट सेवा देणारी कंपनी तो ग्राहकाच्या घरी बसवते. या साखळीत शेवटच्या अपडेटची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कधी ठरलंच नव्हतं. माझ्या मते आजच्या सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे. हल्लेखोरांची हुशारी नंतर येते.

जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने २०२० मध्ये सात कंपन्यांचे १२७ घरगुती राउटर तपासले तेव्हाही चित्र फारसं वेगळं नव्हतं. त्यांपैकी ४६ राउटरना आधीच्या वर्षभरात एकही सुरक्षा अपडेट मिळालं नव्हतं, आणि एक तृतीयांशाहून अधिक राउटर लिनक्सच्या २.६.३६ किंवा त्याहून जुन्या कर्नलवर (प्रणालीच्या गाभ्यावर) चालत होते. त्या आवृत्तीला शेवटची सुरक्षा दुरुस्ती फेब्रुवारी २०११ मध्ये मिळाली होती.

दरम्यान हल्ल्यांचा हेतू बदलत गेला. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून उपकरणं काबीज केली आणि त्यांच्याकडून एकाच वेळी विनंत्यांचा मारा करून मोठमोठ्या साइट बंद पाडल्या. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर हे मालवेअर ५४ देशांतल्या किमान ५ लाख उपकरणांत सापडलं. आता भर लपण्यावर आहे. डिसेंबर २०२३ मध्ये एफबीआयने न्यायालयाच्या परवानगीने अमेरिकेतल्या शेकडो राउटरमधून केव्ही बॉटनेट काढून टाकलं. चीनशी संबंधित व्होल्ट टायफून हा गट त्यांच्या आडून वीज-पाण्यासारख्या सेवांच्या यंत्रणांत शिरकाव करत होता. बाधित राउटर बहुतांश सिस्को आणि नेटगिअरचे, मुदत संपलेले, म्हणजे कंपनीने अपडेट देणं थांबवलेले. ही सफाई तात्पुरती होती: राउटर पुन्हा चालू केला की आधीचं भोक उघडंच. २०२५ च्या इशाऱ्यातल्या ‘द मून’ मालवेअरचा मूळ अवतार तर २०१४ मध्येच सापडला होता, तोही लिंक्सिसच्या ई मालिकेतच.

कायदे उशिरा आले. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे उत्पादकाने जाहीर करणं बंधनकारक आहे. मात्र ती मुदत किती असावी हे तो कायदा सांगत नाही. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा पुढे जातो: साधारणपणे किमान पाच वर्षं आधार द्यावा लागेल. त्याची मुख्य कलमं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील.

आज घराघरांत लागलेल्या जुन्या राउटरना यातून अपडेट मिळणार नाहीत. त्यांचा बाहेरून होणारा प्रशासकीय प्रवेश, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट, बंद करणं हा पहिला उपाय. एफबीआयनेही हा उपाय सांगितला. काही राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी बसवता येतं, पण फक्त ४ एमबी फ्लॅश (साठवण) किंवा ३२ एमबी रॅम असलेल्या जुन्या यंत्रांसाठी त्याची १९.०७ ही शेवटची आवृत्ती होती आणि तिचाही आधार २०२२ मध्ये संपला. असे राउटर बदलावेच लागतात.