मिराकचं मिरेग कसं झालं?

कल्पित कथेत रानटी टोळी अवतरली की तिच्या तोंडी ख, घ आणि गुरगुरणारा र्र ठरलेला. सज्जन वनवासी आले की ल, य, न आणि लांबलचक स्वर. त्यात शब्दाशब्दांमध्ये दोन-तीन अपॉस्ट्रॉफी टोचले की लेखकाला वाटतं, झाली नवी भाषा. प्रत्यक्षात झालेली असते ती नावांची यादी.

मुळात कुठलाही ध्वनी जन्मतः दुष्ट नसतो. घराची सुरुवात घ नेच होते, ख सुखात आहे आणि ळ बाळात. मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने 'स्टार ट्रेक' या चित्रपटमालिकेसाठी क्लिंगॉन ही परग्रहवासीयांची भाषा घडवली, तिचा शब्दकोश 1985 साली आला. इंग्रजी कानाला परकं वाटावं म्हणून त्याने त्यात जिभेचं टोक मागे वळवून म्हणायचा ड घातला. आपल्याला त्यात नवल काय! पण क्लिंगॉनची 21 व्यंजनं आपल्या वर्णमालेच्या तक्त्यात मांडून बघा, म्हणजे खरी गंमत कळते. ट-वर्गात ड आहे, पण ट नाही. त-वर्गात त आहे, पण द नाही. क-वर्गात क, ख, ग, घ यांतला एकही स्पर्शवर्ण (श्वास क्षणभर पूर्ण अडवून सोडायचा वर्ण) नाही, ङ मात्र शाबूत. माणसांच्या भाषांमध्ये असे खड्डे सहसा पडत नाहीत. जिथे ड आहे तिथे बहुधा ट असतो, कारण जागा तीच, जीभ तीच, फरक फक्त स्वरतंतू थरथरतात की नाही एवढाच. म्हणजे परकेपणा सुट्या आवाजात नाही, तक्ता वाकडा भरण्यात आहे.

तेव्हा ध्वनी निवडताना आधी तक्ता काढावा. साधारण 20 व्यंजनं आणि 5 स्वर पुरेसे होतात. मग अक्षराचा साचा ठरवावा: जोडाक्षराने शब्द सुरू होऊ शकतो का, शेवटी कोणती व्यंजनं चालतात. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा लेखक टॉल्किन याने रचलेल्या क्वेन्या भाषेत शब्दारंभी जोडाक्षर नाही आणि शेवटी स्वर नसेल तर न, र, ल, स, त एवढीच व्यंजनं बसतात. तिचा गोडवा बराचसा या दोन बंधनांमधून आला आहे.

व्याकरणातली सर्वात मोठी चूक ओळखायला एक वाक्य पुरतं: 'मला भूक लागली.' नव्या भाषेतही 'मला' + 'भूक' + 'लागली' अशीच तीन खोकी त्याच क्रमाने आली, तर ती मराठीच आहे, वेष पालटलेली. ठेच लागते, वेळ लागतो, दिवा लागतो, वेडही लागतं. एवढी सगळी कामं एका क्रियापदाकडे असणं ही मराठीची सवय; दुसऱ्या भाषेने ती तशीच उचलायचं कारण नाही. विभक्तीचंही तसंच. 'मुलगा पळाला' पण 'मुलाने दगड फेकला': कर्म आलं आणि काळ भूत झाला की आपल्या कर्त्याला 'ने' लागतो. 'अवतार' या चित्रपटासाठी पॉल फ्रॉमर यांनी रचलेल्या 'नावी' या भाषेत पळणारा, फेकणारा आणि फेकला जाणारा या तिघांची तीन वेगळी रूपं आहेत.

आता मुख्य गोष्ट. खऱ्या भाषेत अपवाद असतात, आणि बनावट भाषेत ते नंतर वरून भुरभुरवले तर लगेच कळतं. अपवाद आपोआप पिकवायचा उपाय म्हणजे भाषेला भूतकाळ देणे. आधी अगदी नियमित, कंटाळवाणी 'आजी' भाषा बनवायची. मग तिच्यावर ध्वनिबदलाचे नियम क्रमाने चालवायचे आणि जे उरेल ती 'नात'.

करून बघू. आजी भाषेत 'मिराक' म्हणजे नदी (शेवटचा क पाय मोडका). अनेकवचनाचा प्रत्यय इ, 'मध्ये' या अर्थाचा प्रत्यय आ. म्हणजे मिराक, मिराकि, मिराका. आता तीन नियम.

पहिला: दोन स्वरांमध्ये सापडलेली कठोर व्यंजनं प, त, क मृदू होऊन ब, द, ग होतात. आजूबाजूच्या स्वरांसाठी स्वरतंतू थरथरत असतातच, मध्ये क्षणभर थांबवायचे कष्ट बोलणारा वाचवतो. 'प्रकट'चं 'प्रगट' असंच झालं. दुसरा: पुढच्या अक्षरात इ येणार असेल तर आधीचा आ तिच्या दिशेने सरकून ए होतो, कारण जीभ आधीच वर निघालेली असते. तिसरा: शब्दाच्या अंती आलेला स्वर गळतो.

मिराकि → मिरागि → मिरेगि → मिरेग.
मिराका → मिरागा → मिरागा → मिराग.
मिराक → मिराक, कारण तिथे क च्या पुढे स्वरच नाही.

नातीच्या तोंडी आता नदी म्हणजे मिराक, नदीत म्हणजे मिराग, नद्या म्हणजे मिरेग. प्रत्यय दोन्ही गेले, त्यांची सावली शब्दाच्या पोटात राहिली. इंग्रजीतलं फूट-फीट नेमकं याच वाटेने आलं आहे. तिथेही शेवटी एक इ होता, तो आधीच्या स्वराला ओढून घेऊन स्वतः नाहीसा झाला. टॉल्किन हा जुन्या इंग्रजीचा प्राध्यापक, त्यामुळे त्याच्या सिंदारिन या दुसऱ्या भाषेत माणूस 'अदन' आणि माणसं 'एदाइन' व्हावीत यात आश्चर्य नाही.

क्रम बदलला तर? तीन नियमांचे 6 क्रम होतात, आणि अनेकवचन चार वेगवेगळ्या रूपांत बाहेर पडतं. स्वर गळण्याचा नियम सगळ्यांत शेवटी ठेवला तर मिरेग. तो मध्ये आला आणि मृदू होणं त्याच्या आधी झालं तर मिराग, म्हणजे 'नदीत' आणि 'नद्या' एकच. आ चा ए आधी झाला आणि मृदू होणं मागे राहिलं तर मिरेक. स्वरच आधी गळाला तर बाकीच्या दोघांना करायला काही उरतच नाही, मिराकचं अनेकवचन मिराक.

नियमांचा क्रम ही चीज पाणिनीला पक्की ठाऊक होती. त्याच्या अष्टाध्यायी या व्याकरणग्रंथाच्या शेवटच्या तीन पादांत (उपविभागांत) तर पुढचा नियम झालाच नाही असं धरून मागचा लावायचा, असं सूत्रच आहे: पूर्वत्रासिद्धम्. हे खरोखर थक्क करणारं आहे. म्हणूनच 'संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा, नासाचं शिक्कामोर्तब' हा फॉरवर्ड वाचून वाईट वाटतं. त्याच्या मुळाशी 1985 सालचा, नासातले संशोधक रिक ब्रिग्ज यांचा एक लेख आहे. वाक्याचा अर्थ उलगडण्याची संस्कृत वैयाकरणांची पद्धत आणि यंत्राला ज्ञान मांडून देण्याची पद्धत यांतलं साम्य त्यात दाखवलं आहे. शिक्का वगैरे कुणी मारलेला नाही, आणि पाणिनीला त्याची गरजही नाही.

हे सगळं मराठीत रोज आपल्या तोंडात घडतं. घोडा-घोड्याला, पण ससा-सशाला, मासा-माशाला, पैसा-पैशाला. अपवाद वाटतो, पण आत तोच 'या' आहे. य ने स ला टाळूकडे ओढून श केलं आणि स्वतः त्यात विरघळला. 'माझा' आणि 'माझी' सावकाश म्हणून बघा. पहिल्या झ ला जीभ दातांच्या मुळाशी टेकते, दुसऱ्याला मागे टाळूवर. लिपीत दोन्ही झ एकच, म्हणून डोळ्याला पत्ता लागत नाही.

लिपीवरून आठवलं. हे नियम कॉम्प्युटरवर शोधा-बदला करून चालवणार असाल तर देवनागरी दगा देते. 'क च्या पुढे स्वर' हे यंत्राने ओळखायचं तर मात्रा दिसायला हवी, आणि अ ला मात्राच नाही. 'मिराक'च्या शेवटी अ आहे की पाय मोडका क, हे यंत्राला कळणार नाही. म्हणून पाय मोडका असेल तिथे 'मिराक्' असं लिहावं, नाहीतर एकेका ध्वनीला एकेक चिन्ह देणारी लिपी वापरावी. पहिल्या 30 शब्दांवर नियम हातानेच चालवावेत. गोंधळ तिथेच उघडे पडतात.

गोंधळ होतातच. समजा 'लोकिन' म्हणजे डोळा. लोकिन → लोगिन. अनेकवचन लोकिनि → लोगिनि → लोगिन. आ नाही, म्हणून ए नाही. शेवटचा इ गळाला, म्हणून एक डोळा आणि दहा डोळे सारखेच. इथे नियम मागे घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. खऱ्या भाषा पुढे जाऊन डागडुजी करतात. मिराक-मिरेग ऐकून वाढलेली मुलं 'अनेकवचनात शेवटच्या अक्षराला ए' असा आपलाच नियम काढतील आणि 'लोगेन' म्हणू लागतील. याला सादृश्य म्हणतात. लोगेनमधल्या ए ला ध्वनींचा इतिहास कुठलाच नाही, तरी तो भाषेत बसून जातो.

आणखी एक पथ्य: प्रत्येक नियम कधी सुरू झाला आणि कधी थकला हे वहीत लिहून ठेवावं. ध्वनिबदल कायम चालू राहत नाही. तो थकल्यानंतर शेजारच्या भाषेतून 'सुनाक' हा शब्द आला तर त्याचं अनेकवचन 'सुनेग' होणार नाही. त्याला नवं काहीतरी जोडावं लागेल, समजा 'थवा' या अर्थाचा एखादा शब्द. मराठीत पाऊस-पावसात आणि देऊळ-देवळात होतं, पण इंग्रजीतून आलेलं हाऊस 'हाऊसमध्ये'च राहतं, 'हावसात' कुणी म्हणत नाही.